‘सुमो’ या नावामागचा माणूस

आधी माझी फजिती सांगतो. मग मुद्द्याकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात चाकणजवळच्या एका मोकळ्या मैदानावर ऑटोक्रॉस होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : यात एका वेळी एकच गाडी पळते. कोन मांडून वाट आखलेली असते आणि स्पर्धा घड्याळाशी असते. कोन पाडला की वेळेत सेकंदांचा दंड वाढतो. अमेरिकेत म्हणे लोक अशा ठिकाणी साठ-सत्तरच्या दशकातल्या मस्टँग, कॅमारो घेऊन येतात. आपल्याकडे कुठली आली मसल कार? मी मामांची १९९८ ची टाटा सुमो घेऊन गेलो! मसल फक्त अंगात, इंजिनात नाही. दोन लिटरचं साधं डिझेल इंजिन, चासिसवर बसवलेली उंच बॉडी आणि ताकद मागच्या चाकांना.

झेंडा पडला आणि मी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला. पहिला कोन चुकवला, दुसऱ्याला गाडी अशी कलली की पोटात गोळाच आला, तिसरा थेट चाकाखाली. एकूण चार कोन आडवे आणि नंबर शेवटून पहिला! गाडी बाजूला लावली तेव्हा तिथल्या एका वयस्कर मार्शलकाकांनी विचारलं, की सुमो म्हणजे काय ते माहीत आहे का? मी छाती काढून सांगितलं, जपानी पैलवान. काका हसले आणि घरी जाऊन विचार म्हणाले. घरी मामांना विचारलं. मामा टेल्कोतून रिटायर झालेले. त्यांनी एका कागदावर दोन शब्द लिहिले – सुमंत मुळगावकर – आणि दोन्हींच्या पहिल्या अक्षरांवर गोल केला. सु आणि मु, इंग्रजी स्पेलिंगमुळे झालं सुमो. मी चारचाकीचा किडा म्हणवणारा, आणि मला हे माहीत नव्हतं. खूप लाज वाटली. मग जे मिळेल ते वाचत सुटलो.

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईचा. इंजिनिअरिंग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात. परत येऊन ते सिमेंट उद्योगात रमले. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून यंत्रं येणं अवघड झालं, तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रसामग्री इथेच बनवण्यात त्यांचा पुढाकार होता. बाहेरून येत नाही ना, मग आपण करू, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनचा.

१९४९ मध्ये ते टेल्कोत आले. १९४५ ला सुरू झालेली ही कंपनी तेव्हा जमशेदपुरात रेल्वेची इंजिनं बनवत होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि ट्रक बनू लागले. ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. करार संपला, तारा गेला, पण ट्रक बनतच राहिले. कारण त्या पंधरा वर्षांत नुसती जोडणी नाही, तर एकेक भाग इथे घडवायला शिकून घेतलं होतं.

आता आपल्या गावाची गोष्ट. १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या माळावर त्यांनी पुण्याचा कारखाना उभा करायला घेतला. कुणालाही वाटेल की लगेच ट्रक बाहेर पडले असतील. तसं झालं नाही. आधी यंत्रं आणि हत्यारं बनवणारा विभाग, संशोधन केंद्र आणि पोरांना शिकवणारी ट्रेनिंगची सोय. इथून पहिला ट्रक निघाला तो १९७७ मध्ये! अकरा वर्षं पाया भरण्यात घालवणारा माणूस. आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रॉइंग काढणारे... असो. त्याच उजाड जागेवर त्यांनी तळं करून घेतलं, हजारो झाडं लावली. पुढे तिथे पक्षी यायला लागले.

खरी परीक्षा ऐंशीच्या दशकात आली. हलक्या ट्रकांसाठी एकाच वेळी चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर उतरल्या. टेल्कोचं काही खरं नाही असं अनेकांना वाटत होतं. उत्तर म्हणून १९८६ मध्ये आली टाटा ४०७, परदेशी करार न करता इथेच बनवलेली. पुढे काय झालं ते मार्केट यार्डात जाऊन मोजा.

मामा एक गोष्ट नेहमी सांगतात, टेल्कोवाल्यांत ती प्रसिद्ध आहे. दुपारी जेवायच्या वेळी मुळगावकर साहेब गायब व्हायचे. लोकांना वाटे, कुठल्या तरी हॉटेलात पार्टी चालली असेल. कुणीतरी पाठलाग केला तर साहेब हायवेच्या ढाब्यावर, ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीत. जेवता जेवता गाडीत काय चांगलं, काय वाईट हे विचारून घेत होते. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेलही, पण ती त्यांच्याबद्दलच सांगितली जाते याला काहीतरी अर्थ आहे.

१ जुलै १९८९ ला ते गेले. सुमो आली १९९४ मध्ये, म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नाही. २०१९ मध्ये तिचं उत्पादनही थांबलं.

आता माझ्या चार कोनांविषयी. दोष सुमोचा नव्हता. दहा माणसं आणि टपावर सामान घेऊन खराब रस्त्याने घाट चढायला ती बनवली होती. ज्यांच्यासाठी बनवली त्यांच्याकडे तिने पंचवीस वर्षं काम केलं. कोनांमधून तिला पळवायचा हट्ट माझा. आणि आमच्या टीमची स्पर्धेची गाडी? चासिस तयार झाल्यावर आम्ही पहिल्यांदा ड्रायव्हरला आत बसवलं. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, पाईप कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागलं. आम्ही सगळं मोजलं होतं, फक्त त्याला विचारलं नव्हतं.

यंदा डिझाइन सुरू करण्याआधी त्याला घेऊन कॉलेजसमोरच्या टपरीवर बसलो. दोन वडापाव, तीन चहा आणि वहीची सहा पानं भरली. बिल मी दिलं.