हवाई सुंदरी जेन हॅरिसन

आपल्या शाळेवरून विमान गेलं की आपण पटांगणात पळत येऊन हात हलवतो. विमानातल्या ताई चहापाणी देतात, एवढंच मला माहीत होतं. मग गुरुजींनी जेनची हकीकत सांगितली. ती मी इथे लिहीत आहे.

बार्बरा जेन हॅरिसन हिचा जन्म २४ मे १९४५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे झाला. तिला जेन म्हणत. तिने आधी बँकेत नोकरी केली, मग परदेशात लोकांची मुलं सांभाळली. १९६६ साली ती बी.ओ.ए.सी. या विमान कंपनीत हवाई सुंदरी झाली.

८ एप्रिल १९६८ रोजी दुपारी तिचे बोईंग ७०७ विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून निघाले. झुरिकमार्गे सिडनीला जायचे होते. आत १२७ माणसे होती. विमान उडते न उडते तोच डाव्या पंखाखालच्या एका इंजिनात धडाका झाला. सारखा ताण सोसून आतले एक चाक तुटले होते. इंजिन पेटले आणि चक्क निखळून खाली पडले! वैमानिकाने साधारण साडेतीन मिनिटांत विमान परत जमिनीवर आणले. इथे आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी हातानेच थांबवलं. कारण पंख जळतच होता. तेल बंद करणारा दांडा गडबडीत ओढायचा राहिला होता.

जेन शेपटीकडच्या दारापाशी होती. तिने आणि तिच्या सोबत्याने दार उघडून घसरगुंडी बाहेर सोडली, तर तिला पीळ पडला. तो सरळ करायला सोबती खाली उतरला. त्याला परत वर येता येईना. आता जेन एकटी.

ती एकेकाला दारातून बाहेर काढू लागली. कोणाला उडी मारायला सांगितले, कोणाला सरळ ढकलले. ढकललं हे ऐकून काही मुलं हसली. मला हसू आलं नाही. पोहायला शिकताना विहिरीच्या काठावर माझे पाय असेच चिकटले होते, आणि काकांनी मागून ढकललं होतं.

मग त्या दाराशीही आग आली. जेनने उरलेल्यांना दुसऱ्या दाराकडे पाठवले, पण स्वतः जागा सोडली नाही. ती दारात उभी दिसली, आता उडी मारणार असे बाहेरच्यांना वाटले, तोच ती आत वळली. शेवटच्या रांगांपैकी एका रांगेत एक वृद्ध अपंग प्रवासी राहिला होता. नंतर दोघांचे देह जवळजवळ सापडले.

१२७ पैकी १२२ माणसे वाचली. १९६९ साली जेनला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे पदक मिळाले. युद्ध नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी आपल्याकडे अशोकचक्र असते, तसेच ते मोठे आहे.

जेन तेव्हा बावीस वर्षांची होती. माझी थोरली ताईही बावीस वर्षांची आहे. लेख लिहून झाल्यावर मी पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवला.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी