राजा कृष्णदेवराय

विद्यार्थी मित्रांनो, हंपीच्या सहलीत विठ्ठल मंदिराचा रिकामा गाभारा पाहून तुम्ही नेहमी विचारता, देव कुठे गेला?

तुळुव घराण्यातील कृष्णदेवराय १५०९ साली विजयनगरच्या गादीवर बसले. ओडिशाच्या गजपतींकडून त्यांनी उदयगिरीचा किल्ला घेतला आणि तेथील बाळकृष्णाची मूर्ती आणून १५१५ साली हंपीत तिची स्थापना केली. १५२० साली रायचूर जिंकले. तेलुगू भाषेत काव्यही रचले. नवरात्रात महानवमी दिब्ब्यावर त्यांचा दरबार भरे. येथे आता कोरीव चौथरा तेवढा उभा आहे.

पंढरपूरचा विठोबाही त्यांनी हंपीला नेला व एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी तो परत आणला, असे वारकरी परंपरा सांगते. याला पक्का पुरावा नाही, पण आपल्या आजी-आजोबांना ही कथा विचारून पाहा.

एवढ्या पराक्रमी राजांना पुत्रशोक चुकला नाही. ज्या लहानग्या तिरुमलाला त्यांनी राज्याभिषेक केला, तोच वारला. १५२९ साली राजेही गेले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली. उदयगिरीहून आणलेला बाळकृष्ण आज चेन्नईच्या संग्रहालयात आहे.