काँग्रेसची लाट असायची, पण राजापूरची सीट बॅरिस्टर नाथ पैंचीच

१९६२ ची लोकसभा निवडणूक. महाराष्ट्रात ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने खिशात घातल्या. संयुक्त महाराष्ट्र समिती फुटली होती, विरोधक कुठे औषधालाही सापडत नव्हते. अशा लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचा राज्यातून एकच खासदार निवडून आला, बॅरिस्टर नाथ पै.

मूळ नाव पंढरीनाथ. जन्म १९२२ चा, वेंगुर्ल्याचा, शिक्षण बेळगावात. ४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले, मग बॅरिस्टर व्हायला लंडनला. युरोपात तरुण समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. लग्न केलं ऑस्ट्रियाच्या क्रिस्टल यांच्याशी. एवढं सगळं करून माणूस परतला आणि १९५७ ला थेट राजापूरमधून उभा राहिला. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, नाथ पै जिंकले.

आता त्यांच्या पक्षाचं बघा. १९५२ मध्ये दोन पक्ष एकत्र येऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला, निशाणी झोपडी. पण फुटायची सवय समाजवाद्यांना पहिल्यापासूनच. १९५५ ला लोहिया वेगळे झाले, १९६४ ला अशोक मेहता काँग्रेसमध्ये गेले. लोकसभेत १९५७ ला १९ खासदार होते, १९६२ ला १२ उरले. १९६७ ला जागा १३ झाल्या खऱ्या, पण मतं १० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली होती.

पक्ष असा आटत असताना राजापूरने मात्र १९६७ ला नाथ पैंना तिसऱ्यांदा दिल्लीला पाठवलं. कारण साधं होतं. कोकणची रेल्वे असो, गोवामुक्ती असो की बेळगावचा सीमाप्रश्न, हा माणूस संसदेत बोलायला उभा राहिला की सत्ताधारी बाकंही कान देऊन ऐकायची. मूलभूत हक्कांत संसदेला बदल करता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात दिला. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणलं ते नाथ पैंनी. मूठभर खासदारांच्या पक्षातल्या माणसाने अख्ख्या देशाला या चर्चेला लावलं.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली, निवडणूक तोंडावर आली. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी नाथ पै बोलले. त्यानंतर काही तासांतच हृदयविकाराने ते गेले. वय अवघं ४८.

दीड-दोन महिन्यांत मतदान झालं. राजापुरात झोपडीवर उभे होते मधु दंडवते. इंदिरा लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून दोनच खासदार आले, बंगालमधल्या कांथीचे समर गुहा आणि राजापूरचे दंडवते. त्याच वर्षी पक्ष विलीन झाला आणि झोपडी गेली. नाथ पैंना हवी होती ती घटनादुरुस्तीही त्याच वर्षी झाली, पण ती इंदिरा गांधींच्या सरकारने केली. दंडवते पुढे पक्षाचं नाव आणि निशाणी बदलत राहिली तरी राजापूरमधून सलग पाच वेळा निवडून आले. ते हरले थेट १९९१ ला.