वयाच्या ७३ व्या वर्षी त्याने इंग्रजीला ‘थिसॉरस’ दिला, तेही स्वतःला शब्द सुचत नव्हते म्हणून

“लाइट गेली.” “लाइट कलरचा शर्ट दाखवा.” “अरे, लाइट घे ना!”

शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात लाइट म्हणजे वीज, दुसऱ्यात फिका आणि तिसऱ्यात ‘मनावर घेऊ नकोस’. इंग्रजीत तर हा शब्द आणखी पसरलेला आहे. प्रकाश म्हणजे लाइट, वजनाला हलकं ते लाइट, किरकोळ तेही लाइट आणि काडी पेटवणं म्हणजेही लाइटच. त्यामुळे लाइटला समानार्थी शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर आधी आपणच विचारायला हवं, की बाबा, कुठला लाइट?

नेमका हा गुंता सोडवण्यासाठी एका डॉक्टरने आयुष्यभर शब्द गोळा केले. त्याचं नाव पीटर मार्क रॉजे.

बाप गेला तेव्हा वय होतं चार

रॉजे यांचा जन्म १८ जानेवारी १७७९ चा, लंडनमधला. वडील मूळचे जिनिव्हाचे आणि लंडनमधल्या फ्रेंच प्रोटेस्टंट चर्चमध्ये धर्मगुरू होते. १७८३ मध्ये क्षयरोगाने ते गेले. मग आई कॅथरीन आणि मामा सॅम्युअल रोमिली यांनी पोराला वाढवलं. हे मामा पुढे ब्रिटनमधले मोठे कायदेसुधारक झाले. किरकोळ चोरीसाठी माणसाला फाशी देऊ नये, म्हणून ते संसदेत भांडत राहिले.

पोरगा हुशार निघाला. १४ व्या वर्षी एडिनबरा विद्यापीठात गेला आणि १९ व्या वर्षी डॉक्टर होऊन बाहेर पडला.

१८०२ मध्ये मँचेस्टरच्या एका श्रीमंत गिरणीमालकाच्या दोन मुलांना युरोप फिरवून आणायचं काम त्याला मिळालं. पण १८०३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये युद्ध पेटलं. आपल्या ताब्यातल्या मुलखात सापडतील त्या ब्रिटिश पुरुषांना अटकेत ठेवा, असा हुकूम नेपोलियनने काढला. तेव्हा हे तिघं जिनिव्हात होते आणि जिनिव्हा फ्रान्सच्या ताब्यात होतं. इथे वडिलांचं गाव कामी आलं. आपण जिनिव्हाच्या माणसाचा मुलगा आहोत, हे रॉजे यांनी कागदपत्रांनी सिद्ध केलं आणि सुटका करून घेतली.

डॉक्टरच्या वहीतल्या याद्या

१८०४ मध्ये ते मँचेस्टरच्या रुग्णालयात रुजू झाले. तिथे व्याख्यानं द्यायची, लेख लिहायचे. पण मनातलं नेमकं मांडायला आपले शब्द कमी पडतात, असं त्यांना वाटायचं. मग १८०५ च्या सुमारास त्यांनी स्वतःपुरती एक वही केली. त्यात शब्द ए, बी, सी, डी अशा क्रमाने नव्हते, तर एका कल्पनेचे सगळे शब्द एका जागी होते. ही वही पुढे जवळपास ५० वर्षं त्यांच्या हाताशी राहिली.

मधल्या काळात या माणसाने काय केलं नाही! १८१५ मध्ये त्यांनी घात आणि मूळ काढता येईल अशी स्लाइड रूल, म्हणजे गणिताची सरकपट्टी, जगापुढे मांडली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८२७ पासून २१ वर्षं तिथले सचिव होते. उभ्या फटींतून पाहताना गाडीच्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात, यावरही त्यांनी निबंध लिहिला.

पण घरी वेगळंच चाललं होतं. १८१८ मध्ये पत्नीच्या निधनानंतर काही दिवसांतच मामा रोमिली यांनी आत्महत्या केली. वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला डॉक्टर असूनही रॉजे वाचवू शकले नाहीत. १८२४ मध्ये मेरी यांच्याशी लग्न झालं, दोन मुलं झाली आणि १८३३ मध्ये कर्करोगाने मेरीही गेल्या. त्यानंतर रॉजे यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

एका शब्दाचे अनेक पत्ते

१८४८ मध्ये सचिवपद सोडलं, तेव्हा वय सत्तरीला टेकलं होतं. आता निवांत बसायचं सोडून त्यांनी ती जुनी वही काढली. १८५२ मध्ये पुस्तक आलं. नाव ठेवलं ‘थिसॉरस’, म्हणजे ग्रीक भाषेत खजिना.

त्यात सुमारे १५,००० शब्द होते. सगळं जग सहा वर्गांत वाटलेलं: अमूर्त संबंध, अवकाश, पदार्थ, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. त्याखाली १,००० कल्पना. शक्य तिथे विरुद्ध कल्पना शेजारी-शेजारी, म्हणजे प्रकाशाच्या बाजूला अंधार, जडपणाच्या बाजूला हलकेपणा. आपला ‘लाइट’ त्यामुळे एका ठिकाणी राहतच नाही. प्रकाशाच्या घरातही तो आहे आणि हलकेपणाच्या घरातही. शेवटी दिलेली सूची त्याचे हे वेगवेगळे पत्ते सांगते.

गंमत म्हणजे, याच धर्तीवरच्या जुन्या प्रयत्नांची नोंद घेताना रॉजे यांनी प्रस्तावनेत आपल्या संस्कृत ‘अमरकोशा’चंही नाव घेतलं आहे. कोलब्रुक यांचं त्याचं इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापलं गेलं होतं. अमरकोशाची मांडणी मात्र रॉजे यांना पसंत पडली नाही, ती त्यांना विस्कळीत वाटली. तरी शब्दांना अक्षरांप्रमाणे न लावता विषयाप्रमाणे लावायची कल्पना आपल्याकडे कित्येक शतकं आधी पाठ केली जात होती, हे खरंच.

रॉजे १२ सप्टेंबर १८६९ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी गेले. तोपर्यंत पुस्तकाच्या दोन डझनांहून जास्त आवृत्त्या निघाल्या होत्या. पुढे मुलगा जॉन आणि नंतर नातू सॅम्युअल यांनी ते काम चालवलं.

आज आपण कॉम्प्युटरवर शब्दावर राइट क्लिक करतो आणि पर्यायांची यादी हजर होते. पण रॉजे यांनी आपल्या पुस्तकात शब्दांचे अर्थ दिलेच नव्हते. त्यांनी शब्द फक्त समोर मांडले, त्यातला नेमका कुठला उचलायचा हे वाचणाऱ्यावर सोडलं. म्हणून पुढच्या वेळी यादीतला पहिलाच भारी शब्द कॅप्शनमध्ये टाकण्याआधी एकदा थांबा आणि स्वतःला विचारा, मला नेमकं म्हणायचंय काय?