९१, ९५ की १००? पेट्रोलच्या ऑक्टेनमागचा माणूस: थॉमस मिजली

पनवेलहून पुण्याकडे निघालात, पळस्पे फाट्याच्या आसपास पेट्रोल भरायला थांबलात, की पंपावरचा मुलगा टाकीचं झाकण उघडता उघडता विचारतो: साधं टाकू की प्रीमियम? मागे रांग लागलेली, पुढे बोरघाट चढायचाय, गाडीत घरची मंडळी. आपण पटकन प्रीमियम सांगून मोकळे होतो. घाटात गाडी जरा जोरात ओढेल, इंजिनाचं आयुष्य वाढेल असं काहीतरी मनात असतं.

लिटरमागे ८ रुपये जास्त धरले तरी ३५ लिटरच्या टाकीला २८० रुपये होतात. दर महिन्याला तीन टाक्या भरत असाल तर वर्षाचे दहा हजार. एवढ्या पैशांत गाडीला नेमकं काय मिळतं? हे समजून घ्यायचं असेल तर शंभर वर्षं मागे, अमेरिकेतल्या डेटन शहरात जावं लागेल. पेट्रोलमधल्या या आकड्याच्या मागे तिथल्या एका इंजिनिअरचं आयुष्य आहे, आणि ते आयुष्य फार विचित्र आहे.

इंजिनातला खडखडाट

थॉमस मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावी झाला. वडीलही संशोधक, त्यामुळे घरात यंत्रं आणि पेटंटांच्याच गप्पा. १९११ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या कामासाठी त्याचं नाव झालं ते सगळं केमिस्ट्रीचं होतं आणि ती तो काम करता करताच शिकला.

१९१६ मध्ये तो डेटनला चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली कामाला लागला. केटरिंग म्हणजे ज्याने गाडीला बटणावर चालू होणारा सेल्फ स्टार्टर दिला तो. त्याने बॅटरीवर चालणारी इग्निशनही आणली होती. पण तेव्हाच्या इंजिनांत एक त्रास होता. जोर पडला की आतून टकटक, खडखड असा आवाज यायचा, ताकद कमी व्हायची आणि कधी पिस्टनही फुटायचा. लोकांनी दोष केटरिंगच्या इग्निशनला दिला. केटरिंगने मिजलीला खरा दोषी शोधायला सांगितलं.

आपले मेकॅनिक आजही याला नॉकिंग म्हणतात. होतं काय, तर पिस्टन हवा आणि पेट्रोलची वाफ दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते. दाबली की वाफ तापते, हे सायकलला हवा भरताना पंपाला हात लावला तरी कळतं. त्यात ज्योतीचा दाब वाढला की टोकाला उरलेली वाफ ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून एकदम पेटते. तो छोटा स्फोट सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो, तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. मिजलीने इंजिनातला दाब टिपून दाखवलं की हा धक्का ठिणगी पडल्यानंतर येतो. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता.

इथे एक गोष्ट नीट बघा. वाफ जितकी जास्त दाबाल तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. पण जास्त दाबलं की नॉकिंग. म्हणून तेव्हाच्या फोर्ड मॉडेल टी सारख्या गाड्यांत वाफ चार-साडेचार पटच दाबली जायची. आजच्या साध्या गाड्यांत ती दहा-बारा पट दाबतात. इंजिन बनवणाऱ्यांना या बेडीतून सोडवायचं, हे मिजलीचं काम होतं.

लाल पानांची चुकीची कल्पना

केटरिंग आणि मिजलीला अमेरिकेतल्या एका रानफुलाच्या वेलीची आठवण झाली. तिची पानं खालून लालसर असतात आणि ती बर्फ पुरतं वितळायच्या आत फुलते. त्यांनी तर्क लढवला की लाल रंग उष्णता शोषत असणार, तर इंधन लाल करून बघू. स्टोअरमध्ये तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता. कुणीतरी आयोडीन सुचवलं. ते रॉकेलमध्ये घातलं आणि नॉकिंग कमी झालं! मग मिजलीने खरेखुरे लाल रंग आणून घातले, तर काहीच फरक नाही. म्हणजे कल्पना साफ चुकीची, पण उत्तराचं दार उघडलं. रंग नव्हे, रसायन काम करत होतं.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. पुढची पाच वर्षं मिजलीची टीम एकामागून एक रसायनं इंजिनात घालून बघत राहिली. अॅनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम. टेल्युरियम चांगलं चालायचं, पण त्याचा लसणासारखा वास अंगाला आणि कपड्यांना असा चिकटायचा की घरचेही जवळ येईनात. शेवटी त्यांनी मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून दिशा ठरवली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, घालून बघितलं. आवाज थांबला. तेही एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, चमचाभराहून कमी घालून.

अल्कोहोल बाजूला पडलं

नॉकिंगवर दुसरा उपाय मिजलीला आधीपासून माहीत होता: अल्कोहोल. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवून तो इंजिनिअरांसमोर त्याच्या बाजूने बोललाही होता. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकतो, ते टाकीत भरपूर घालावं लागतं आणि त्यावर कुणा एका कंपनीचा हक्क राहत नाही. शिशाचं तसं नव्हतं. थोडंसं घालायचं आणि पेटंट आपलं. मला विचाराल तर या गोष्टीतला खरा फाटा इथे आहे, प्रयोगशाळेत नाही.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं इथिल. नावात शिशाचा उल्लेख नाही. त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी होता आणि बरा व्हायला फ्लोरिडाला जाऊन राहिला होता. म्हणजे आपण काय हाताळतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे ५ कामगार मेले. मरण्याआधी त्यांना भास होत होते, ते वेड्यासारखं वागत होते. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. ३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर उभा राहिला, ते रसायन हातांवर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. काही होत नाही, हे दाखवायला. स्वतः त्यातून आजारी पडून दोन वर्षंही झाली नव्हती.

१९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी समिती बसली, आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर जवळजवळ सगळ्या जगाने हे पेट्रोल जाळलं. शिसं धुरातून हवेत, धुळीत आणि लहान मुलांच्या रक्तात गेलं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हे नंतर पक्कं झालं. भारतात शिसं नसलेलं पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरू झालं आणि देशभर शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. तुमचे आई-बाबा लहानपणी रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभे असायचे, तेव्हा त्या धुरात मिजलीचं शिसं होतं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

मग ऑक्टेन कुठून आलं?

नॉकिंग मोजायला माप हवं होतं. धक्का बसला की उडी मारणारी एक पिन लावून मिजलीने उपकरण बनवलं होतं, पण पट्टी हवी होती. ती त्याच इथिल कंपनीतल्या ग्रॅहम एडगरने १९२६ मध्ये दिली. त्याने दोन शुद्ध द्रव घेतले. नॉकिंगला चांगलं तोंड देणारं आयसोऑक्टेन, त्याला १०० गुण. लगेच नॉक करणारं हेप्टेन, त्याला शून्य. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचं मिश्रण चाचणीच्या इंजिनात जेवढं टिकतं, तेवढं हे पेट्रोल टिकतं. बस. त्यात ताकद किती, शुद्धता किती, मायलेज किती, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही.

(यूट्यूबवर अमेरिकन लोक ८७ आणि ९३ म्हणताना ऐकून गोंधळू नका. त्यांच्या पंपावर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.)

एथनॉलवरून हे अजून स्पष्ट होतं. त्याचा ऑक्टेन १०८च्या आसपास, पेट्रोलपेक्षा बराच वर. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. आकडा मोठा, दम कमी.

आणि आता गंमत बघा. मिजलीने बाजूला ठेवलेलं तेच अल्कोहोल आज आपल्या साखर कारखान्यांतून येऊन पनवेलच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेलं आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की पूर्वी ८८ असलेला साध्या पेट्रोलचा ऑक्टेन बीएस-६ मध्ये ९१ झाला आणि २० टक्के एथनॉलमुळे ९५ पर्यंत गेला. म्हणजे ९५ म्हणून जे वेगळे पैसे मोजताय, त्यातला ऑक्टेनचा भाग साध्या पाइपमधूनही येतोय. प्रीमियममध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात हे खरं, पण तो वेगळा मुद्दा.

शेवटची यंत्रं

शिशानंतर मिजलीने फ्रिजसाठी फ्रिऑन वायू बनवला. १९३० मध्ये त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली, विषारी नाही आणि पेटतही नाही म्हणून. पुढे याच जातीच्या वायूंनी ओझोनचा थर विरळ केल्याचं कळलं. ते कळायला तो जिवंत नव्हता. १९४० मध्ये, ५१ व्या वर्षी त्याला पोलिओ झाला. पाय गेले. बिछान्यातून स्वतःला उचलायला त्याने दोर आणि पुलींची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा आवळून तो गेला. त्या वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

तुमच्या गाडीचं काय?

टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर आणि मॅन्युअल बघा. तिथे ९१ लिहिलं असेल आणि इंजिन कंपनीने दिलं तसंच असेल, रीमॅप वगैरे केलं नसेल, तर ९५ किंवा १०० टाकून ताकद वाढत नाही. कंपनीने ठिणगीची वेळ ९१ वर बसवलेली असते, आणि जे नॉकिंग होतच नाही ते थांबवायला तुम्ही पैसे देता. २०२० च्या डिसेंबरमध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं तेव्हा दिल्लीत लिटरला १६० रुपये भाव होता. ते ज्यांच्या मॅन्युअलमध्ये मोठा आकडा आहे त्यांच्यासाठी, म्हणजे महागड्या स्पोर्ट्स गाड्या आणि बाइक. काही टर्बो इंजिनांना कंपनीच ९५ सांगते. तिथे मात्र कंजुषी करू नका. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो, पण ओढ आणि मायलेज दोन्ही जातं.

आणि खोपोली सोडून घाट चढताना, गाडी भरलेली, चौथा गिअर, पाय पूर्ण दाबलेला असताना खडखड ऐकू आली, तर आधी तिसरा टाका. आरपीएम वाढले की टोकाच्या वाफेला स्वतःहून पेटायला वेळच मिळत नाही. तरीही सपाट रस्त्यावर साध्या वेगात तोच आवाज येत राहिला, तर पेट्रोल बदलू नका, गाडी मेकॅनिकला दाखवा. सिलिंडरमध्ये कार्बन साचलेला असेल किंवा सेन्सर गेलेला असेल.