फादर हॉफमन व मुंडांची भूमि

रांचीच्या दक्षिणेस रानांत मुंडा लोकांची जुनी गांवें आहेत. ज्यानें रान तोडून गांव वसविला त्याच्याच वंशजांची ती भूमि, हा त्यांचा पुरातन दंडक; त्यास खुंटकट्टी म्हणतात. दस्तऐवज म्हणाल तर पूर्वजांच्या अस्थींवरील ससनदिरी शिळा! कचेरींत मात्र जमीनदाराचा कागद चाले, शिळा चालत नसे.

१८५७ सालीं जर्मनींत जन्मलेले जेसुइट फादर जॉन हॉफमन वीस वर्षांचे असतां हिंदुस्थानांत आले. सरवदा येथें राहून ते मुंडारी शिकले, आणि त्या भाषेंतच त्यांस हा अलिखित कायदा सांपडला. १८९९ च्या नाताळांत बिरसा मुंडाच्या अनुयायांनीं सरवद्याच्या मिशनवरहि बाण सोडले. दुसरा कोणी रागावून निघून जाता. हॉफमन यांस बंड मान्य नव्हतें, पण हक्क मान्य होता. लिस्टर या अधिकाऱ्यासह त्यांनीं मुंडांच्या जमीनपद्धतीचें टिपण सिद्ध केलें, आणि १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्यांत खुंटकट्टीस स्थान मिळालें. झारखंडांत तो कायदा अद्याप चालू आहे.

१९१५ सालीं, महायुद्धांत, जर्मन म्हणून त्याच सरकारनें त्यांस देशाबाहेर धाडलें. मायदेशीं ते मुंडारी ज्ञानकोश लिहीत राहिले. १९२८ सालीं ट्रीअर येथें ते वारले, तेव्हां तो अपुराच होता.