भारताचा संगणक उभा केला, मग सॉफ्टवेअर शिकवणारी संस्था काढली, आर. नरसिंहन कोण होते?

बाळापूरची पोरं शेगावला किंवा अकोल्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला गेली की ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’चा पेपर समोर येतो. कोडिंग येतंय, मग हा विषय कशाला, असं अनेकांना वाटतं.

उत्तर गावातच आहे. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर उभा आहे. पाया, पुराचं पाणी, भिंतीची जाडी यांचा विचार आधी झाला, तरच असं बांधकाम टिकतं. सॉफ्टवेअरचंही तसंच. फक्त इथला तडा डोळ्यांना दिसत नाही.

भारतात हे काम शिकवावं लागेल, हे लवकर ओळखलं आर. नरसिंहन यांनी.

जन्म १९२६ चा, चेन्नईचा. गिंडीच्या कॉलेजातून ते इंजिनीअर झाले. मग अमेरिकेत कॅलटेकमध्ये शिक्षण आणि इंडियाना विद्यापीठातून गणितातली डॉक्टरेट. १९५४ मध्ये ते मुंबईत होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये रुजू झाले.

काम मिळालं संगणक बांधायचं. गंमत म्हणजे टीममधल्या इतरांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता!

तरी १९६० मध्ये यंत्र सुरू झालं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, एक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून १० केबी. आज मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक.

पण यंत्र बांधून भागत नव्हतं. प्रोग्राम लिहायचे तर यंत्राच्या आकड्यांच्या भाषेत, आणि ते लिहिणारी माणसं मोजकीच.

जगातही हीच अडचण होती. प्रोग्राम मोठे होत गेले, वेळ आणि खर्च हाताबाहेर जाऊ लागला. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने परिषद भरवली आणि तिला नाव दिलं, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग.

पुढच्या दशकात नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआरमध्ये सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. मदत संयुक्त राष्ट्रांची. काम दोन प्रकारचं, संशोधन आणि प्रशिक्षण. यंत्र बाहेरून विकत आणता येतं, पण ते चालवणारी डोकी घरातच घडवावी लागतात.

१९८५ मध्ये हे केंद्र एनसीएसटी नावाने स्वतंत्र झालं. तिथला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा अनेकांच्या करिअरची सुरुवात ठरला. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

नरसिंहन कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले.

टिफ्रॅक तर १९६० च्या दशकातच बंद पडला होता. शिकवण्याचं काम मात्र आजही सुरू आहे, शेगाव-अकोल्याच्या वर्गांतसुद्धा.